कोटाआतले नगर कसे पाहावे?

युरोपची सफर करून आलेल्या मनुष्याला, काय काय पाहिलेत, असे विचारले तर तो राजवाडे, संग्रहालये, बर्फाचे डोंगर यांची नावे भराभर सांगतो. पण बोलता बोलता ज्या ठिकाणी तो रेंगाळतो, ते बहुधा एखादे जुने तटबंदीचे गाव असते. फ्रान्समधील कार्कासोन, जर्मनीतील रोथेनबुर्ग, बेल्जममधील ब्रूज, स्पेनमधील तोलेदो ही नावे आता आपल्याकडेही परिचयाची झाली आहेत. दगडी फरसबंदीच्या अरुंद गल्ल्या, मधला चौक, चौकाशी चर्चचा मनोरा आणि सभोवार तट, असे त्या गावांचे रूप. पनवेलमधूनही पुष्कळ कुटुंबे आता अशा सफरींना जातात, आणि त्यांनी जावेच. परंतु अशाच घडणीचे एक नगर आपल्या रायगड जिल्ह्यात रेवदंड्यास आहे, आणि त्याचे थोरले भावंड वसईस आहे, असे सांगितले म्हणजे समोरून उत्तर येते, "ते किल्ले ना? पाहिलेत की!"

या 'किल्ला' शब्दातच सारी गफलत आहे. किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजगड, तोरणा, कर्नाळा उभा राहतो. शिबंदी, दारूगोळा, धान्याचे कोठार, पाण्याचे टाके आणि किल्लेदार, एवढाच त्याचा संसार. तेथे राहणारे लोक लढण्यासाठी राहत होते. वसई आणि रेवदंडा यांची गोष्ट निराळी आहे. तेथे घरदार, बाजार, शाळा, इस्पितळ, नगरसभा, तुरुंग आणि स्मशान असलेली सबंध शहरे होती, आणि त्या शहरांचे रक्षण व्हावे म्हणून भोवती कोट घातलेला होता. किल्ल्यात वस्ती असणे वेगळे आणि वस्तीला कोट असणे वेगळे. हा भेद ध्यानात न घेता आपण तेथे जातो, बुरूज शोधतो, तोफ शोधतो, एखादे पडके चर्च पाहून "हे येथे कशाला?" असे मनाशी म्हणतो आणि परत येतो. जे पाहायचे ते पाहावयाचे राहूनच जाते.

म्हणून अशी नगरे कशी पाहावीत, याचा थोडा उलगडा या लेखात करण्याचे आम्ही योजले आहे. आमचा भर मुख्यतः वसईवर राहील, कारण तेथील अवशेष अधिक ठळक आहेत. आणि जोडीला रेवदंडा राहील, कारण तो आपल्या घराजवळ आहे.

प्रथम काळाची नोंद करू. पोर्तुगीज लोक चौलच्या बंदरात १५०५ च्या सुमारास आले. चौल हे त्यापूर्वीही मोठे बंदर होते. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात येथेच उतरला होता. अहमदनगरच्या निजामशाहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये खाडीच्या मुखाशी कोट बांधावयास घेतला. हेच आजचे रेवदंडा. वसई त्यांच्या हाती आली ती गुजरातच्या बहादुरशाहाकडून. हुमायून पाठीशी लागला असता बहादुरशाहाला समुद्रावरचा मित्र हवा होता. त्या गरजेपोटी डिसेंबर १५३४ मध्ये तह झाला आणि वसई, तिच्या भोवतालचा मुलूख व मुंबईची बेटे पोर्तुगीजांना मिळाली. १५३६ मध्ये तेथे पक्के बांधकाम सुरू झाले. पुढील दोनशे वर्षे वसई ही त्यांच्या उत्तरेकडील मुलखाची राजधानीच होती.

आता एखादा चिकित्सक वाचक म्हणेल, की सोळावे शतक म्हणजे युरोपचे मध्ययुग नव्हे. ते तर सरले होते. हे खरे आहे. परंतु माणूस देशांतर करतो तेव्हा घराची कल्पना बरोबर घेऊन जातो. लिस्बनहून निघालेल्या माणसाच्या मनात नगर म्हणजे काय याचा जो साचा होता तो त्याच्या आजोबा-पणजोबांच्या गावाचा, म्हणजे मध्ययुगातलाच होता. मधोमध चौक, त्या चौकाशी मुख्य चर्च आणि नगरसभा, दानधर्म करणारा बंधुसंघ, निरनिराळ्या पंथांच्या साधूंचे मठ, आणि सर्वांना कवेत घेणारा तट. हा साचा त्याने कोकणच्या किनाऱ्यावर, नारळी-पोफळीच्या बनात आणून उभा केला. बदल झाला तो एकाच गोष्टीत, तटात. आणि तेथूनच पाहण्यास आरंभ करणे सोयीचे.

कार्कासोनचे चित्र ज्यांनी पाहिले असेल त्यांना त्याचे उंच, गोल, टोकदार छपरांचे बुरूज आठवतील. ते बुरूज बाणांच्या आणि शिड्यांच्या काळातले आहेत. शत्रू शिडी लावून चढेल, तर भिंत जितकी उंच तितकी चांगली. पुढे तोफा आल्या आणि हे गणित उलटले. उंच भिंत म्हणजे तोफेला आयतेच मोठे लक्ष्य. शिवाय गोल बुरुजाच्या अगदी पायथ्याशी जो कोपरा राहतो, तो शेजारच्या बुरुजावरून दिसत नाही. तेथे दबून शत्रू सुरुंग लावू शकतो. म्हणून पंधराव्या-सोळाव्या शतकांत इटलीतील बांधकामतज्ज्ञांनी निराळी रीत काढली. भिंत बुटकी आणि जाड करावयाची, तिच्या पोटात मातीचा भराव घालावयाचा, आणि बुरूज भाल्याच्या फाळासारखा पुढे काढावयाचा. असे केले म्हणजे एका बुरुजावरची तोफ दुसऱ्या बुरुजाच्या अंगालगत सरळ मारा करू शकते. लपावयास कोपराच उरत नाही.

वसईचा तट या नव्या रीतीचा आहे. तो साधारण दशकोनी असून त्याच्या कोपऱ्यांवर असे टोकदार बुरूज आहेत. आपल्या डोंगरी किल्ल्यांचे गोलाकार बुरूज पाहून सरावलेल्या माणसाने वसईच्या एका बुरुजावर उभे राहून शेजारच्या बुरुजाकडे नजर टाकावी. तो कोन असा का काढला आहे, हे न सांगता कळेल. नगराचे साधूसंत निवडून बुरुजांना त्यांची नावे दिलेली होती: सेबास्तियन, पेद्रू, पावलू, गोन्सालो अशी. आपण दरवाजाला हनुमंताचे वा गणेशाचे नाव देतो, तसाच हा प्रकार.

तटानंतर दरवाजे. नगराला मुख्य दरवाजे दोन, एक जमिनीकडचा आणि एक पाण्याकडचा. हल्ली गाडीरस्ता तट फोडून आत गेलेला असल्यामुळे पाहुणा एकदम नगराच्या मध्यावर जाऊन पडतो आणि त्याला कशाचीच दिशा लागत नाही. आमची सूचना अशी, की वाहन बाहेर ठेवावे आणि दरवाजातून पायी आत जावे. खाडीकडचा दरवाजा आधी पाहावा. कारण त्या काळी नगराचे खरे तोंड पाण्याकडे होते. पडाव, गलबते येथे लागत, माल उतरे, जकात भरली जाई आणि मग मनुष्य आत येई.

आत आल्यावर रस्ते ओळखावयाचे. येथे थोडी कल्पना चालवावी लागते, कारण घरे पडली आहेत आणि झाडोरा माजला आहे. तरीही दोन्ही बाजूंनी पडक्या भिंतींच्या रांगा जातात त्या म्हणजे रस्ते, आणि जेथे त्या एकदम मागे सरतात तो चौक, असा ठोकताळा ठेवला म्हणजे नगराचा सांगाडा हळूहळू उलगडू लागतो. चौकाशी नगरसभेची इमारत होती. पोर्तुगीज नगरांत सरदार-मानकऱ्यांतून निवडलेली एक सभा असे. ती बाजारभाव, स्वच्छता, रस्ते, तंटेबखेडे पाही. तिला 'कामारा' म्हणत. नगरपालिका ही इंग्रजांनी आणलेली गोष्ट असे आपण समजतो. पण त्यांच्या कितीतरी आधी कोकणच्या किनाऱ्यावर एक नगरसभा कारभार करीत होती. मात्र ती सर्वांची नव्हती, हेही लगेच सांगितले पाहिजे. तटाच्या आत राहण्याचा मान मुख्यतः पोर्तुगीज घराण्यांचा. कारागीर, कोळी, कुणबी हे तटाबाहेर. युरोपातल्या जुन्या गावांतही सूर्यास्तानंतर वेशी बंद होत आणि बाहेरचा तो बाहेरच राही. तट शत्रूला अडवी, तसाच तो माणसामाणसांतही भिंत घाली.

चर्चे हा या नगरांचा सर्वांत बोलका भाग. वसईत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या पंथांची स्वतंत्र चर्चे आणि मठ होते. एकाच शहरात इतकी कशाला, असा प्रश्न पडतो. आपल्याकडे एकाच तीर्थक्षेत्री निरनिराळ्या संप्रदायांचे मठ असतात, हे आठवले म्हणजे त्याचे उत्तर मिळते. नगराचे मुख्य चर्च संत जोसेफचे. ते १५४६ मधले. १६०१ मध्ये त्याची पुनर्बांधणी झाली, आणि त्याचा चौकोनी मनोरा अद्याप दुरूनही ओळखू येतो. जेझुइटांच्या चर्चचे दर्शनी तोंड पाहावे. त्यावरचे उभ्या खाचांचे स्तंभ आणि कमान यांत ग्रीक-रोमन वळणाचे अनुकरण आहे. मध्ययुगाचा साचा आणि नव्या काळाचा साज एकाच भिंतीवर दिसतो तो येथे.

फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये गेल्यावर मान वर न करता खाली करावी. जमिनीतल्या शिळा म्हणजे थडगी आहेत. कित्येकांवर घराण्याची चिन्हे कोरलेली आहेत. पोर्तुगीज न जाणणाऱ्यानेही दोन शब्द ध्यानात ठेवावेत. 'सेपुल्तुरा' म्हणजे थडगे आणि 'एर्देइरूश' म्हणजे वारस. 'ही जागा अमक्याची व त्याच्या वारसांची' अशा अर्थाचा मजकूर अशा शिळांवर कोरण्याची त्या लोकांची रीत होती. म्हणजे मरणोत्तर विसाव्याची जागासुद्धा वतनी! हे लोक दोन दिवसांचे पाहुणे म्हणून आले नव्हते; पिढ्यानुपिढ्या येथेच राहावयाचे, अशा भरवशाने ते जमिनीत नाव कोरीत होते. इतिहासाने तो भरवसा खोटा ठरविला.

आता मुख्य प्रश्न. हे सारे पाहून आपल्याला काय करावयाचे? ती नगरे परक्यांची. त्यांच्या सत्तेत देवळे पडली, धर्मासाठी माणसांचा छळ झाला. अशा सत्तेच्या खुणा आपण का जपाव्यात? हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो; सभ्यपणामुळे बोलला जात नाही इतकेच. आम्हांला तो टाळावासा वाटत नाही, कारण या अवशेषांची जी उपेक्षा होते तिचे मूळ बव्हंशी येथेच आहे.

त्याचे पहिले उत्तर असे, की ही नगरे बांधविणारे परके असले तरी बांधणारे हात येथलेच होते. दगड कोकणचा, चुना कोकणचा. वसईचा काळा पाषाण तर त्या काळी नावाजलेला होता. जुन्या गोव्यातील बाँ जेझूस चर्च १५९४ ते १६०५ या काळात बांधले गेले. त्याची भिंत जांभ्या दगडाची असली तरी दर्शनी तोंड काळ्या दगडाचे आहे, आणि तो दगड गलबतांत घालून वसईहून नेलेला आहे. जगभरचे प्रवासी गोव्यात ज्या दगडाकडे पाहत उभे राहतात तो आपल्या शेजारच्या खाणीतून गेलेला आहे, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असते?

दुसरे उत्तर १७३९ चे आहे. चिमाजीअप्पांच्या सैन्याने वसईला वेढा घातला तो काही महिने चालला. सुरुंग लावून तट उडवावा लागला; हजारो माणसे पडली. मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. त्यानंतर जे घडले ते अधिक स्मरणात ठेवण्याजोगे आहे. पराभूत सैन्याला शस्त्रांसह, बायकामुलांसह सन्मानाने जाऊ दिले गेले. जे ख्रिस्ती राहू इच्छीत होते त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक मिळाली. विजय मिळविणाऱ्यांनी नगर जाळून टाकले नाही. त्यांनी ते आपले म्हणून घेतले. आत देवळे उभी राहिली. जे आपल्या पूर्वजांनी एवढे रक्त सांडून 'आपले' केले, ते आपण 'परक्यांचे' म्हणून टाकून द्यावे, यात त्या पराक्रमाचा गौरव आहे काय? वारसा घ्यावयाचा तर सबंध घ्यावा लागतो. जिंकल्याचा आनंद आमचा आणि डागडुजी दुसऱ्याची, अशी वाटणी होत नाही.

पुढेही वसईच्या नशिबी स्वस्थता नव्हतीच. १७८० मध्ये इंग्रज सेनापती गॉडर्डने ती घेतली, सालबाईच्या तहानंतर ती परत मिळाली, आणि १८०२ च्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईसच. मराठी राज्याच्या तेजाचा एक दिवस आणि त्याच्या अस्ताचा एक दिवस, दोन्ही या एका गावाने पाहिले.

तिसरे उत्तर असे, की ही नगरे आपल्यात मिसळून गेली आहेत. वसईच्या चर्चमधील घंटा विजयचिन्ह म्हणून देशावर गेल्या. भीमाशंकरची, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळाची आणि वाईजवळच्या मेणवलीची घंटा त्यांपैकीच, असे परंपरा सांगते. ज्या घंटेने कधी ख्रिस्ती प्रार्थनेची वेळ सांगितली तिनेच पुढे शंकराच्या आरतीला साथ दिली. आपल्या जिभेवर काय आहे पाहा! चावी, पगार, पाव, बटाटा, काजू, बादली हे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले आहेत. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईच्या डोंगराखालच्या वस्तीत तर ख्रिस्ती कुटुंबे अद्याप एक निराळीच बोली बोलतात. तिच्यात जुनी पोर्तुगीज आणि मराठी यांचा मिलाफ झालेला आहे. ते तिला 'नोलिंग', म्हणजे 'आमची भाषा', म्हणतात. १७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आली, पोर्तुगीज गेले. तट ढासळला, पण ही बोली टिकली. दगडापेक्षा शब्द चिवट असतो, याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे नाही. आणि वसईच्या ख्रिस्ती समाजाविषयी काय सांगावे? त्याच समाजातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. परकेपणाची गोष्ट येथेच संपते.

युरोपातील जुनी गावे टिकली ती आपोआप टिकली, असाही एक गैरसमज आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कार्कासोनचा तट पाडून टाकण्याचे सरकारने ठरविले होते; लोक त्याचे दगड काढून नेत, तटाला टेकून झोपड्या बांधीत. गावातल्या एका इतिहासप्रेमी गृहस्थाने आवाज उठविला, तेव्हा सरकारला हुकूम फिरवावा लागला. मार्च १९४५ मध्ये रोथेनबुर्गवर बाँब पडले आणि गावाचा मोठा भाग बेचिराख झाला. तट पुन्हा बांधला गेला तो देशोदेशींच्या लोकांनी दिलेल्या देणग्यांवर. देणाऱ्यांची नावे तटाच्या भिंतीत लावलेली आज वाचावयास मिळतात. पोलंडची राजधानी वॉर्सा हिचा जुना भाग तर महायुद्धात जवळजवळ नाहीसाच झाला होता. अठराव्या शतकातील चित्रे समोर ठेवून लोकांनी तो पुन्हा उभारला. तेव्हा तेथे आपण जे पाहतो ते जुन्या लोकांच्या कौशल्याइतकेच नव्या लोकांच्या काळजीचे फळ आहे.

आपल्याकडे काय होते? पिंपळाची मुळे भिंतीत शिरतात, ती वेळीच काढली जात नाहीत. पावसाळ्याचे पाणी मुरून चुना सुटतो. याला निसर्ग म्हणता येईल. पण भिंतीवर खिळ्याने नावे कोरणे, थडग्याच्या शिळेवर बसून शिधा सोडणे आणि कागद तेथेच टाकणे, हा निसर्ग नव्हे. पुरातत्त्व खात्याची पाटी लावल्याने दगड सुरक्षित होत नाही. त्या पाटीजवळून जाणाऱ्या हजार माणसांच्या मनात तो दगड कोण आहे हे ठाऊक असेल, तरच तो राहतो. ज्याची ओळख आहे त्याच्याशी मनुष्य सहसा उर्मटपणाने वागत नाही.

म्हणून ओळख करून घेण्याचा मार्ग सांगतो. पनवेलहून वसई रोडला दिवामार्गे आगगाडीने जाता येते. रेवदंड्यास पेण, वडखळ, अलिबाग असा एस. टी.चा रस्ता आहे. पावसाळा संपून गवत वाळले म्हणजे जावे, कारण पावसात भिंती झाडोऱ्यात बुडून जातात. एका दिवसात एकच नगर घ्यावे. आधी तटाकडेने थोडे चालावे, मग दरवाजातून आत यावे, मग चौक शोधावा, मग चर्चे पाहावीत आणि सर्वांत शेवटी थडगी. रेवदंड्यास आणखी एक गंमत आहे. वसईचे कोटाआतले नगर ओस पडले. रेवदंड्याच्या कोटात मात्र माणसे राहतात. नारळी-पोफळीच्या वाड्या, विहिरी, घरांच्या पडव्या आणि त्यांच्यामध्ये एकदम उभी राहणारी एखादी चर्चची कमान. फ्रान्सिस्कन मठाच्या मनोऱ्याला तेथे 'सातखणी' म्हणतात. ज्यांची वाडी असेल त्यांना विचारून आत जावे. कोकणातला माणूस नाही म्हणत नाही, आणि बहुधा पाणी विचारतो. मुलांना बरोबर न्यावे आणि त्यांच्या हाती कोरा कागद द्यावा. दरवाजा, रस्ता, चौक, विहीर, चर्च यांचा कच्चा नकाशा त्यांनीच काढावा. पाठ्यपुस्तकातील दहा पाने जे शिकविणार नाहीत ते हा एक कागद शिकवील.

ही दृष्टी एकदा लाभली म्हणजे ती परगावीच उपयोगी पडते असे नाही. आपले पनवेलही बंदराचे जुने गाव आहे. खाडीकडून वर येणारा रस्ता कोणता, वडाळे तलाव आणि कृष्णाळे तलाव यांच्या आधाराने वस्ती कशी पसरली, इस्राएल तलावाला ते नाव का पडले, बेने इस्रायलींचे प्रार्थनामंदिर आणि देवळे-मशिदी एकमेकांच्या किती पावलांवर आहेत, हे प्रश्न विचारावयास कोणाला परदेशाचे तिकीट काढावे लागत नाही. नव्या इमारतींच्या गर्दीत हा सांगाडा झपाट्याने दिसेनासा होत आहे. ज्याला वसईत पडक्या भिंतींवरून नगर ओळखता आले, त्याला आपल्या गावातले जुने गाव, भिंती उभ्या आहेत तोवरच ओळखता येईल. आणि ओळखलेल्या वस्तूसाठी चार शब्द बोलण्याचे धैर्यही येईल.